आईला सापडलेला गुन्हेगार

अर्धांगवायूने आईची वाचा गेली, त्याच्या पुढच्या महिन्यात भाऊ मुंबईहून व्हीआरचा चष्मा घेऊन पोलादपूरला आला. चंद्रावरच्या वसाहतीतल्या गुप्तहेराची मालिका होती. अर्धा भाग टीव्हीवर बघायचा, मग चष्मा घालून खुनाच्या खोलीत शिरायचं, पुरावे शोधायचे आणि वेळ संपायच्या आत गुन्हेगाराचं नाव मोठ्याने सांगायचं, नाहीतर पोलीस भलत्यालाच धरून नेत. मालिकेतला चोर आई नेहमी आमच्याआधी ओळखायची, म्हणून भावाने तो चष्मा हौसेने आणला होता.

चष्मा घातल्यावर आई बराच वेळ मान वळवत राहिली. मग एकदम डाव्या हाताने भिंतीकडे बोट दाखवू लागली.

"नाव सांगा," चष्म्यातून आवाज आला.

"ब... ब..."

"कोण गो आये? डॉक्टर? पायलट?" भाऊ एकेक संशयित विचारत होता. तिची मान जोरजोरात हलत होती, पण हो की नाही, ते आम्हाला कळेना. वेळ संपली. टीव्हीवर आणि तिच्या चष्म्यातही पोलिसांनी वसाहतीतल्या बागेच्या माळ्याला धरून नेलं, तशी आई घशातून ओरडली. मी धावत जाऊन चष्मा काढला. तिचे गाल ओले होते.

"खोटं असतं गो सगळं," भाऊ म्हणाला.

दोन दिवस ती जेवायला तोंड उघडेना. आम्ही दोघं पेजेची वाटी धरून नुसते समोर बसायचो.