कौन-बोला आपा

आमच्या निलंग्याच्या गल्लीत पोरी तिला पाठीमागं ‘कौन-बोला आपा’ म्हणायच्या. बायकांच्या बैठकीत कुणी धर्माची एखादी गोष्ट सांगायला लागलं, की आपा शिवणातून मान वर न काढता विचारायची, “कौन बोला?” नाव सांगितलं की पुढचा सवाल, “उसको कौन बोला?” तिसऱ्या सवालापर्यंत सांगणारीचा चहा गार झालेला असायचा.

आपा गल्लीतल्या मुलींना कुराण वाचायला शिकवायची. घरात हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, उर्दू किताबा कापडात बांधून ठेवलेल्या. त्यात सापडलं नाही, तर एसटीनं लातूरला जाऊन मौलानांना विचारून यायची. तोवर एकच उत्तर, “मला म्हाईत न्हाई.” हे म्हणायला तिला कधी लाज वाटली नाही. आम्हाला वाटायची, म्हणून तर आम्ही काहीबाही सांगत राहायचो.

आता ती कचरा टाकणारी म्हातारीच घ्या. रोज पैगंबरांवर कचरा टाकायची, एक दिवस आलीच नाही, तर तेच तिची विचारपूस करायला गेले. आम्ही लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, आपानंही वीस वर्षं मुलींना सांगितलेली. एकदा लातूरहून आली ती उतरलेल्या तोंडानंच. म्हणाली, ह्या गोष्टीला कुठं आधारच सापडत नाही.

मी म्हटलं, “आपा, चांगलीच गोष्ट आहे की! राहू द्या.”

“चांगली हाय गं. पण त्यांनी असं केलं, हे मी कुणाच्या भरवशावर सांगू?”

मग जिला जिला सांगितली होती, तिच्या दारात जाऊन गोष्ट परत घेऊन आली. एक मुलगी मुदखेडला दिलेली, तिच्याकडंही गेली. उस्तादणी एवढ्या लांबून आली म्हटल्यावर पोरीच्या सासूला वाटलं, काही भानगडच झाली!

माझ्यावर पाळी आली ती फोनमुळं. मेसेज आला होता, कुणाला तरी स्वप्नात हुकूम झालाय, हे अकरा जणांना पाठवा, नाहीतर घरात वाईट होईल. मी चष्मा लावून अकरा जणांना पाठवला. अकरावी आमची सून, शबाना. तिनं तो पुसून टाकला. तिला तेव्हा पाचवा महिना होता. सातव्यात बाळ पोटातच गेलं.

पोरगी जेवेना. एकदा भांडी घासता घासता म्हणाली, “अम्मी, मी तो मेसेज पुसला होता.” खरं सांगते, मी गप्प बसले. माझ्याही मनात तेच होतं.

शेवटी आपाला बोलावलं. तिनं वहीत शबानाचं नाव लिहिलं, खाली माझं. “तुला कौन बोला?” माझी देगलूरची नणंद. “लाव फोन.” नणंदेला तिच्या विहिणीनं पाठवलेला. विहिणीला फोन लावला, तर ती म्हणाली, “कुठल्या तरी ग्रुपवर आला जी. नंबर वळखीचा नव्हता.”

आपानं खाली रेघ ओढली. “संपली ह्याची सनद, सांगणाऱ्यांची साखळी हितंच तुटली. पुढं कुणीच न्हाई, बेटी. डॉक्टर काय बोलली?”

“नाळेला गाठ पडली होती.”

“कुणी बघितली?”

“तिनंच. कागदावर लिहून दिलंय.”

“मग ते खरं.” आणि माझ्याकडं वळली. “आता तू बोल. तिच्या लगेच खाली तुझंच नाव हाय.”

सुनेपुढं बसून बोलणं सोपं नसतं, बाई. म्हटलं, “बेटा, मी न विचारता पाठवला. तुझी काही चूक नाही.” ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, आणि त्या संध्याकाळी अर्धी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या दहा जणांना मी फोन केले.

मागच्या थंडीत आपा गेली. दवाखान्यात शेवटपर्यंत मीच जवळ होते. तिसऱ्या दिवशी तिच्या घरात बायका बसायला आल्या. एक म्हणाली, आपाच्या शेवटच्या घडीला खोलीत अत्तराचा सुगंध सुटला होता म्हणे. दुसरी म्हणाली, हो हो, मीही ऐकलं. आपासारख्या बाईला शोभण्यासारखंच होतं. माझीही मान हलायला लागली होती.

शबाना चहा घेऊन दारात उभी होती. “अम्मी, तुम्ही होतात ना तिथं?”

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

“होते,” मी म्हटलं. “फिनाइलचा वास येत होता.”