ओल्या सिमेंटचा चेहरा

भोरला मी शिक्षक असताना, हिर्डोशीच्या वाटेवरील एका वस्तीपाशी तो मूर्तिकार मला भेटला. तो कामात इतका गढलेला होता, की त्याचे नाव विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. लढाईत पडलेल्या एका जवानाचा अर्धपुतळा तो घडवीत होता. लोखंडी सळयांच्या सांगाड्यावर तारेची जाळी बांधलेली होती आणि तिच्यात तो सिमेंट बोटांनी दाबून बसवी. शेजारी टांगलेल्या छायाचित्राशी साम्य इतके हुबेहूब होते, की मी थक्क झालो.

इतक्यात जवानाची म्हातारी आई आली. बराच वेळ पाहून ती म्हणाली, “ह्यो कुणी फौजदार हाय, बाबा. माझा न्हवं.”

तो चिडेल असे मला वाटले. त्याने शांतपणे थापी खाली ठेवली. “आई, सिमेंट अजून वलं हाय. घट्ट व्हायच्या आत तुमीच हात लावा.”

तिने तळवा पाण्यात बुडवला आणि लेकराचे तोंड धुवावे तसा कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवला. मिशा गेल्या, डोळे बुजले.

“आता हाय त्यो,” ती म्हणाली.

“अहो, पण चेहराच गेला!” मी न राहवून बोललो.

“ऱ्हाऊ द्या, मास्तर. झाला पुतळा,” म्हणत त्याने त्यावर ओले गोणपाट पांघरले. “आई, रोज पाणी घाला, न्हाईतर तडकंल.”

“घालते की. आंघुळ म्हटलं की लई पळायचा. आता कुठं जातोय?”

दोघेही हसली. पुतळा बिघडला की पुरा झाला, हे मला आजही ठरवता येत नाही. त्या क्षणी तर हसावे की नाही, हेही कळले नव्हते.