घरात माणसं किती?

मंडळी, तेरणेच्या पुरानं आमच्या गावाचा रस्ता तोडलाय. आज बोटीतून आलेल्या पोरांनी पिठाच्या पिशव्या वाटताना माझ्या नव्वदीतल्या आजोबांना, अण्णांना, विचारलं, "घरात माणसं किती?"

"म्या एकलाच हाय," अण्णा म्हणाले. आम्ही सगळे आतच होतो.

एकच पिशवी मिळाली. मी चिडलो.

"निजामाच्या वक्ताला असाच पूर आल्ता," अण्णा म्हणाले. "गूळ शिजवायच्या मोठ्या काहिलीची नाव करून एक अनोळखी माणूस मीठ वाटाया आला. दारोदार हेच इचारत गेला. पाणी उतरलं, आन् जवान पोरं असलेल्या घरातच रझाकार शिरले."

बोट दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी चूल पेटवू दिली नाही. धूर दिसला असता, तर आत आणखी कोणी आहे हे कळलं असतं.

अर्धपोटी उठलो, पण अण्णा चुकले म्हणायला माझी जीभ रेटली नाही. तुमची रेटली असती?