खाली ठेवलेली बादली

मी आता यवतला लेकाकडं असते. शेजारच्या रानात उसाचं पाचट पेटवलं की खिडकी लावून घेते, तरी वास येतोच.

सत्तरच्या दशकातला दुष्काळ नुकताच सरला होता. घोडनदीकाठच्या आमच्या बौद्धवस्तीत भर दुपारी आमचं छप्पर पेटलं. आग विझवायला गावातल्या माणसांनी पथक केलं होतं, ते धावत आलं. विहिरीपासून त्यांची रांग, पुढं आमची. दोन्ही रांगा भेटत तिथं मी उभी होते, नवी सून. पलीकडून पथकातले तात्या भरली बादली जमिनीवर ठेवायचे, मागं सरायचे, मग मी उचलायची. दर खेपेला पाणी हिंदकळून मातीत जायचं.

"तात्या, हातात द्या की!" मी ओरडले.

त्यांनी मागच्या रांगेकडं बघितलं. बादली खालीच ठेवली.

घर गेलं. सासऱ्यांनी राखेत उभं राहून हात जोडले, "तुम्ही आलात, लई उपकार झालं."

तेव्हा मलाही ते खरंच वाटलं होतं.

परवा गावी गेले होते. तात्यांच्या सुनेनं प्रेमानं हाक मारली, "मावशी, चहा घ्या." कप तिनं पायरीवर ठेवला.

मी हात पुढं केला होता.