वाव आहे

माझ्या बायकोला माझ्याकडून साडी नको होती, सहल नको होती. तिला फक्त एकदा, न मागता, माझ्या तोंडून एक 'वा!' ऐकायचं होतं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली तरी ते काही जमलं नव्हतं. मी पडलो मराठीचा मास्तर. मुलांच्या वह्यांवर लाल शाईनं 'सुधारणेस वाव आहे' असा शेरा मारण्यात हयात गेली. पुढे पुढे हात दुखायचा, म्हणून नुसतंच 'वाव आहे' लिहायला लागलो. मग तेच तोंडात बसलं. आमटी कशी झालीय? वाव आहे. पडदे कसे दिसतायत? वाव आहे. बायको म्हणायची, "तुमच्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. ती निदान गुण तरी कापत नाही."

मुलाचं लग्न झालं आणि आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये कानपूरची सून आली. पोरगी गोड, पण सुरुवातीला तिचं मराठी म्हणजे 'हो', 'नाही' आणि 'बस झालं'. बाकी सगळा कारभार 'वॉव'वर. लिफ्ट दुरुस्त झाली, वॉव. दिंडोरीचा ओळखीचा द्राक्षवाला दारात पेटी ठेवून गेला, वॉव. डोक्यात जायचा तो शब्द माझ्या! मी बायकोला म्हणायचो, "अगं, एकाच चमच्यानं आमटी, खीर आणि औषध घेतल्यासारखं आहे हे."

"घेते तरी," बायको म्हणायची. "तुम्ही तर चमचाच कपाटात ठेवलाय."

एका रविवारी सुनेनं सासूकडून शिकून पहिलं थालीपीठ लावलं. माझ्या ताटात वाढलं आणि जीन्सला हात पुसत समोर उभी राहिली. "बाबा, कसा आहे?" कडा जाड, मधे कच्चं. मी एक घास खाल्ला आणि सवयीनं म्हणालो, "वाव आहे."

पोरीनं टाळ्याच पिटल्या! तिथल्या तिथे आईला फोन. "मम्मी, बाबा ने वॉव बोला! हाँ हाँ, बाबा ने!"

मी तोंड उघडणार, तोच टेबलाखाली बायकोनं माझ्या पायावर पाय दिला. हळूच म्हणाली, "एक अक्षर बोललात तर बघा. पोरगी या घरात पहिल्यांदा एवढी हसलीय." मग काय, सोमवारी थालीपीठ, मंगळवारी थालीपीठ, बुधवारीही थालीपीठच. पण खोटं कशाला सांगू? शुक्रवारपर्यंत कडा पातळ झाल्या होत्या आणि मी दुसरं मागून घेतलं.

शनिवारी सून वही घेऊन माझ्यासमोर बसली. "बाबा, वॉवला मराठीत काय म्हणायचा?"

मास्तराला आणखी काय हवं! मी खुर्ची पुढे ओढली. "हे बघ, एक शब्द नाही. अवाढव्य काही दिसलं की अबब. त्यात थोडी भीती आली की बापरे. ठेवलेली वस्तू जागेवर नसली की अरेच्चा. आमरसाची पहिली वाटी तोंडाला लागली की अहाहा. कुणी सुरेख गायलं की वा! ऐला बाहेर रस्त्यावर ठीक, माझ्यासमोर नाही. आणि अय्या, अगंबाई हे खास बायकांचे. पुरुषानं अगंबाई म्हटलं तर लोक हसतील." सून भराभर लिहून घेत होती. मलाही मजा यायला लागली. एवढे सगळे शब्द माझ्याकडे होते आणि मी त्यातला एकही वापरत नव्हतो.

लिहिता लिहिता तिनं मान वर केली. "मग तुम्ही आईला कोणता बोलता?"

मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. स्वयंपाकघरातून बायकोनंच उत्तर दिलं, "मला वाव आहे म्हणतात."

"सो स्वीट!" सून म्हणाली.

बायको लाटणं घेऊन बाहेर आली आणि हसून हसून खुर्चीतच बसली. "अगं वेडाबाई, वाव म्हणजे जागा. अजून सुधारायला जागा आहे, असा त्याचा अर्थ."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. "मतलब, थालीपीठ...?"

"पहिलं कच्चं होतं," मी म्हणालो. "कालचं फर्स्ट क्लास होतं."

थालीपीठाचं तिनं झटकून टाकलं. तिला लागलं ते वेगळंच. "छत्तीस वर्षं, बाबा? आईला एक पण वॉव नाही?"

"जाऊ दे गं," बायको म्हणाली. "मी आता वाटही बघत नाही." हसतच म्हणाली, पण आत जाताना तिनं पदर डोळ्यांना लावला. मला लाज वाटली. इतकी, की दुपारचं जेवण नीट गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालो तो मनात 'वा' घोळवतच. कशाला म्हणावं? चहाला? पोह्यांना? दार उघडलं तर बाहेर तिची रांगोळी. ती रोजच असते. मी पाय पडू नये एवढं बघतो आणि ओलांडून लिफ्टकडे जातो. त्या दिवशी थांबलो. ठिपक्यांची होती. खोड जाते कुठे, मी चूक शोधायला लागलो. बोट हवेत धरून रेषेमागे गेलो. एका ठिपक्याला वळसा, मग दुसऱ्याला, मग पार पलीकडे. एकाही ठिपक्याला न शिवता, कुठेही न तुटता ती रेषा निघाल्या जागी परत आली. हात कुठे उचलला होता तेच सापडेना. आणि असं रोज नवं काढते ही, नि मी ओलांडून जातो!

"अगंबाई!"

माझ्याच तोंडून! तेही इतक्या मोठ्यानं, की समोरच्यांचं दार किलकिलं झालं.

सून धावत आली. "बाबा! हा तर लेडीजवाला आहे!"

तिच्या मागोमाग बायको. मी रांगोळीकडे बोट दाखवलं. "अगं, हे तू... म्हणजे हे कसं... एकही चूक नाही गं यात!" जन्मभर मराठी शिकवली आणि एक वाक्य धड पुरं होईना.

बायको कानापर्यंत लाल झाली होती. मग तिनं कमरेवर हात ठेवले आणि अगदी माझ्याच ठसक्यात म्हणाली,

"वाव आहे."