छाटलेला मोगरा

मोगऱ्याचा वास आला की चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या सरकारी क्वार्टरमधली माझी शेजारीण आठवते. तंजावरकडची होती, आणि त्या वस्तीत माझ्याशी मराठी बोलणारी ती एकटीच. संक्रांतीला मी साताऱ्याला गेले असताना तिनं माझा मोगरा गुडघ्याइतका छाटला, पानंसुद्धा ओरबाडून टाकली. परतल्यावर झाडाचा तो खराटा बघून मी भडकलेच. “उन्हाळ्यात बघ गे,” ती कुंपणापलीकडून म्हणाली. मी बोलणंच टाकलं. उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या नवऱ्याची बदली झाली, सामानाचा ट्रक निघाला, तरी मी खिडकी उघडली नाही. पंधरा दिवसांत मोगरा कळ्यांनी पांढराफेक झाला. उकाड्यात सगळी गल्ली घमघमत होती, आणि तिच्या दाराला कुलूप होतं. आता संक्रांतीनंतर मोगरा मीच तसा छाटते, पण पहिल्या वाटीभर कळ्या कुणाला द्याव्यात, ते अजून सुचत नाही.