मास्तरांचे निळे पडदे

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. तीन मशीन, एक कापायचं लांब टेबल आणि खिळ्यांना लटकलेले एका बाहीचे कोट. गळ्यातली टेप ते जेवतानाही काढत नसत. हाताला कसब होतं, त्यात वाद नाही. पण जिभेला हाड नव्हतं. पँटीचं माप द्यायला आलेल्या माणसाला "माझी कात्री आजवर चुकलेली नाही" हे ऐकल्याशिवाय दुकानाबाहेर पडता येत नसे. त्यांची बायको म्हणायची, "बाकी सगळं चुकतं, कात्री तेवढी चुकत नाही."

त्या वर्षी देशात निवडणूक होती आणि ती धड व्हावी अशी या वेळी खरंच सगळ्यांची इच्छा होती. आधीच्या निवडणुकांत मत द्यायला आडोसा म्हणून एक पुठ्ठा उभा करत, आणि कुणी कुणाला मत दिलं ते संध्याकाळपर्यंत गावभर झालेलं असे. मग कुणाची नोकरी जाई, कुणाचा नळ बंद होई. म्हणून सरकारने एका आंतरराष्ट्रीय संस्थेला मदतीला बोलावलं. संस्थेची माणसं पोस्टाच्या वरच्या मजल्यावर उतरली. पेट्या सील कशा करायच्या, बोटाची शाई कशी लावायची, आंधळ्या माणसाला स्वतःचं मत स्वतः कसं देता येईल, हे सगळं ती इथल्या कारकुनांना शिकवू लागली. मतमोजणीला मात्र हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम होता. त्यांच्यातल्या सल्लागार बाई मोडक्यातोडक्या भाषेत सांगत, "निवडणूक तुमची. आम्ही फक्त हाताखाली."

पडदे गावातच शिवून घ्यायचे असं ठरलं, म्हणून बाई कापडाचे गठ्ठे घेऊन मास्तरांच्या दुकानात आल्या. जाड, गडद निळं कापड. त्यांनी ते दारावर टांगलं, आत जाऊन मागे दिवा लावला आणि स्वतःचा हात वर-खाली हलवला.

"दिसतो?" आतून त्यांनी विचारलं.

"छे!"

"मग ठीक. हात दिसला तर ठप्पा कुठे मारला तेही कळतं." पडद्याचं तयार माप त्यांनी खडूने टेबलावरच लिहिलं आणि जाता जाता म्हणाल्या, "कापड कमी पडलं तर मागा. पुष्कळ आहे."

हे शेवटचं वाक्य मास्तरांना पुढे फार छळणार होतं.

कापड कापायला घेतलं त्या दिवशी शेजारचा चहावाला कप घेऊन आला होता आणि मास्तर त्याला संस्थेच्या गोष्टी सांगत होते. बाई आपल्याला 'सर' म्हणाल्या, ही गोष्ट तर त्यांनी तिखटमीठ लावून सांगितली. बोलता बोलता एका गठ्ठ्याच्या कापडाचे थर टेबलावर पसरले, खडूचं माप बघितलं आणि कात्री चालवली. सगळे थर एकदम. दांडी ओवायला वर नेफा लागतो, खाली दुमड लागते आणि त्यासाठी कापड वाढवून घ्यायचं असतं, हे शिकाऊ पोरालाही कळतं. मास्तरांनी तयार मापालाच कापलं. चहावाला गेल्यावर त्यांनी पहिला तुकडा दुमडून खडूच्या मापाशी लावून बघितला. आखूड. हा पडदा लावला असता तर आतल्या माणसाचे गुडघे आणि वरून डोकं, दोन्ही बाहेरून दिसले असते.

पोस्टाचा जिना चढायला कितीसा वेळ लागतो? बाई हसल्या असत्या आणि दुसरा गठ्ठा दिला असता. पण मास्तरांच्या पायांनी तो जिना चढायचं नाव घेतलं नाही. कात्री चुकली म्हणायचं, तेही परक्या बाईपुढे! फुकट गेलेले तुकडे त्यांनी मशीनखाली कोंबले. फळीवर कोटाच्या अस्तराचं पातळ कापड पडलेलं होतं, तेही निळंच. घडी घातली की दोन्हीत फरक कळत नव्हता. बाकीच्या गठ्ठ्यांचे पडदे नीट शिवून झाल्यावर जितके कमी पडत होते तितके त्यांनी अस्तराचे शिवले आणि गठ्ठ्याच्या तळाशी घातले. कुठल्या तरी अंधाऱ्या खोलीत जातील, अशी त्यांनी मनाची समजूत काढली. बाईंनी वरचे दोन-तीन उलगडून बघितले आणि शाबासकी दिली. मास्तरांनी ती खाली मान घालून घेतली. लोकांना वाटलं, माणूस विनयशील झाला.

मास्तरांना एक धाकटी बहीण होती. नवरा गेल्यापासून ती बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरायचं काम करायची. कारखान्याच्या मालकाचा भाऊच निवडणुकीला उभा होता, आणि कुणाला मत द्यायचं ते मुकादमाने सगळ्या बायकांना एका ओळीत उभं करून बजावलं होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली.

"दादा, खरं सांग. त्या पडद्यातून काही दिसत नाही ना? मला दुसऱ्यालाच मत द्यायचंय."

सवयीने मास्तरांची जीभच पुढे झाली. "अगं, मी शिवलेत ते! मागे सूर्य येऊन उभा राहिला तरी दिसायचं नाही."

ती हसली. तिचा दादावर लहानपणापासून विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शाळेतल्या केंद्रावर एकाच रांगेत उभी होती, ती पुढे, मास्तर मागे. खोलीची खिडकी पूर्वेला, आणि मत द्यायचं टेबल नेमकं खिडकीला लागून. पडद्यामागे खरंच सूर्य येऊन उभा राहिला होता. मास्तर दारात पोहोचले तेव्हा बहीण आत गेलेली होती आणि अस्तराच्या कापडावर तिची सावली स्वच्छ पडली होती. मालकाच्या भावाचं नाव कागदावर सर्वांत वर होतं. बहिणीचा हात वरून खाली आला, तळाशी थांबला, ठप्पा दाबला. उमेदवारांच्या माणसांसाठी ठेवलेल्या बाकावर मुकादम बसला होता. तोही पडद्याकडेच बघत होता.

तेव्हा ओरडायला हवं होतं. मतदान थांबवा, पडदा बदला, एवढंच. मास्तर रांगेबरोबर एक पाऊल पुढे सरकले. त्यांची पाळी आली तेव्हा ते पडद्याला पाठ घासून उभे राहिले आणि आपल्या हाताची सावली अंगाआड लपवली. या गोष्टीची लाज त्यांना बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी बहिणीला कारखान्याच्या फाटकावरूनच परत पाठवलं. ती रडत नव्हती, संतापली होती. दुकानात येऊन स्टुलावर धपकन बसली.

"मी फक्त माझ्या टेबलावरच्या मैत्रिणीला सांगितलं होतं. तिनेच चुगली केली. दुसरं कोण असणार?"

मास्तर मशीनवर वाकले होते. मान वर न करता ते म्हणाले, "असेल."

एवढा एकच शब्द. बहीण तडक मैत्रिणीच्या घरी गेली, नाही नाही ते बोलली आणि बोलणं टाकून आली. दोघी पंधरा वर्षं एका डब्यातलं जेवत होत्या.

मास्तरांना जेवण जाईना. बायकोने विचारलं, पोट बिघडलंय का. ते हो म्हणाले. निकालात कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नव्हती, त्यामुळे पहिल्या दोघांत दुसरी फेरी होणार असं जाहीर झालं. त्या दोघांत मालकाचा भाऊ होताच. सल्लागार बाई दुकानात आल्या. त्या केंद्राकेंद्रावर फिरून लोकांना विचारत होत्या, काय चुकलं, काय बदलू? "पडदे छान," त्या म्हणाल्या. "पुन्हा तेच वापरू."

पुन्हा तेच. मास्तरांच्या डोळ्यांपुढे ती खिडकी आली, आणि तिच्यापुढे एकामागून एक उभ्या राहणाऱ्या कारखान्याच्या बायका. त्यांनी मशीनखाली हात घालून आखूड तुकडे ओढून काढले, टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. बाई चिडतील, ओरडतील, त्यांना वाटलं होतं. खरं तर त्यांना तेच हवं होतं. बाईंनी एकेक तुकडा उलगडून बघितला.

"मी वरचेच पडदे तपासले," त्या म्हणाल्या. "सगळे उलगडायला हवे होते. हे मला माझ्या लोकांना आणि तुमच्या अधिकाऱ्यांना सांगावं लागेल. तुमचं नावही."

"सांगा," मास्तर म्हणाले.

बहिणीला सांगणं त्याहून अवघड होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, पडद्याचं, कात्रीचं, सावलीचं. मग म्हणाली, "कापायला चुकलास, ते मी समजू शकते. पण दादा, मी तिचं नाव घेतलं तेव्हा तू 'असेल' म्हणालास."

ती उठली आणि मैत्रिणीच्या घराकडे गेली. तिथे काय बोलणं झालं ते तिने त्यांना कधी सांगितलं नाही.

नव्या कापडाचा गठ्ठा आला. मास्तरांनी एकही शब्द न बोलता पडदे शिवले. चहावाला येऊन बसला आणि कंटाळून निघून गेला. कारखान्याचं फाटक मात्र बहिणीला उघडलं नाही. निवडणूक अधिकाऱ्यांनी तक्रार घेतली, मुकादमाला नोटीस गेली, आणि ती बाजारात भाजीच्या जुड्या बांधायला जाऊ लागली.

दुसऱ्या फेरीच्या दिवशी मतदान सुरू होण्याआधी, रांगेतल्या पुढच्या लोकांना रिकामी पेटी दाखवायची पद्धत होती. या वेळी अधिकाऱ्याने पडद्याकडेही बोट दाखवलं. "कुणाला तपासायचाय?"

"मला," बहीण म्हणाली. ती सर्वांत पुढे होती. ती पडद्यामागे गेली, खिडकीच्या उन्हात उभी राहिली आणि आतून तिने हाक दिली, "हात हलवतेय. दिसतोय का?"

मास्तर दोन पावलांवरच होते. "नाही गं, अजिबात नाही," ते घाईने म्हणाले.

"तुला नाही विचारलं," आतून आवाज आला. मग तिने मैत्रिणीला हाक मारली. "तू बघ गं. दिसतोय?"

मैत्रीण रांगेतून पुढे आली. तिने डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, वाकून खालून बघितलं.

"नाही दिसत," ती म्हणाली.

बहीण बाहेर आली. मास्तर बाजूला झाले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.